गोचिडीच्या अंड्यातून लम्पी पुढच्या पिढीत जातो का? बाटलीत अंडी घातलीत, आता काय करू

दूधवाला_संगमनेर:
नमस्कार मंडळी. सहा एचएफ (होल्स्टीन) गायी, दोन कालवडी आणि आजीच्या हट्टापायी ठेवलेली एक गावरान गाय एवढा आपला गोठा. प्रश्न जरा येडपट वाटेल पण हसू नका.

२०२२ ला जळगावकडून लम्पी सुरू झाला तेव्हा आमच्याकडं पण आला होता. दोन गायींना अंगभर गाठी, त्यातली एक उभी राहिली आणि एक गेली. तेव्हापासून दरवर्षी लस न चुकता टोचून घेतो. आता पाच आठवड्यांपूर्वी एक पहिलारू कालवड विकत आणली. ज्यांच्याकडून आणली त्यांचा गोठा एकदम बंदिस्त, खाली मॅट, वर फॅन, गोचीड औषधाला सापडणार नाही असा. आणि आमचा गोठा म्हणजे आजोबांच्या वेळच्या दगडी भिंती, दगडाच्या फटीत काय काय राहतं ते देवालाच माहीत. आणली तेव्हा तुकतुकीत होती, आता कानाच्या आत, कासेला, शेपटीखाली गोचिड्याच गोचिड्या.

परवा एक टम्म फुगलेली गोचीड गव्हाणीजवळ पडलेली दिसली, एरंडीच्या बीसारखी, राखाडी. नुसतं बघायचं म्हणून ती खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत टाकली. परवा म्हणजे तसं आठवडा झाला त्याला. तीन दिवस काहीच नाही, चौथ्या दिवशी सकाळी बघतो तर तोंडापाशी तपकिरी चकचकीत ढीग, खसखशीहून बारीक, आणि आता तो ढीग गोचिडीपेक्षा मोठा झालाय आणि ती स्वतः सुकून सुरकुतलेली. मला वाटायचं अंडी मागून येतात, ही तर डोक्याकडून घालते, एकेक अंडं पुढं आणून ढिगाला चिकटवते. बायको म्हणते बाटली घरात आणली तर मी माहेरी जाईन.

आता मुद्दा. औषधाच्या दुकानात एकजण म्हणाला की लम्पीचा व्हायरस गोचिडीच्या अंड्यातून पिल्लांत जातो, म्हणजे तुझ्या गोठ्यात २०२२ पासून लम्पी मुरलेला आहे, आणि हे सांगून त्यानं मला बाराशेचा स्प्रे पण विकला. हे खरं आहे का? आईनं आजारी गायीचं रक्त प्यायलं तर तो रोग अंड्यात उतरतो का? कारण कालपासून या नव्या कालवडीला १०५ ताप आहे, खात नाही, रवंथ बंद. गाठी मात्र एकही नाही.

आबा_फलटण:
बाटलीत उकळतं पाणी ओत पहिलं. त्या ढिगात दोन-तीन हजार तरी असतील, फुटली तर बायकोच काय तुलाच माहेरी जावं लागेल. आणि गोठ्यात चार गावरान कोंबड्या सोड, खाली पडलेल्या गोचिड्या टिपून खातात. स्प्रेवर बाराशे घालवण्यापेक्षा कोंबडीत घाल.

पशुवैद्य_कोल्हापूर:
भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी एक सांगा, कालवडीच्या लघवीचा रंग बघितलाय का? नसेल तर आत्ता जाऊन बघा आणि जवळच्या दवाखान्यात फोन करा. गाठी नाहीत, १०५ ताप, अंगावर गोचिड्या आणि जनावर बिनगोचिडीच्या गोठ्यातून आलेलं, हे ऐकून माझ्या डोक्यात लम्पी येतच नाही.

आता तुमचा प्रश्न. येडपट नाही, चांगला आहे. तुमच्या बाटलीत जी आहे ती बहुतेक बूफिलस, आता शास्त्रीय नाव रिपिसेफॅलस मायक्रोप्लस झालंय पण आम्ही जुनी माणसं बूफिलसच म्हणतो. ही एका जनावराची गोचीड. म्हणजे सहा पायांचं पिल्लू गायीवर चढतं, तिथंच कात टाकून आठ पायांचं होतं, तिथंच परत कात टाकून नर-मादी होतात, तिथंच जुगतात आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते ती फक्त अंडी घालून मरायला. आता विचार करा, ती आयुष्यभर एकाच गायीवर बसली, दुसऱ्या गायीला तोंडच लावलं नाही (नर कधीमधी शेजारच्या जनावरावर सरकतो, तेवढं सोडा). मग तिनं एका गायीतून घेतलेला रोग दुसऱ्या गायीपर्यंत पोचणार कसा? रस्ता एकच, अंड्यातून. आई मेली, पण पिल्लं दुसऱ्या गायीवर चढली. म्हणून या जातीच्या बाबतीत अंडं हाच पूल आहे, आणि पुलावरून कोण जाऊ शकतं आणि कोण नाही हा खरा प्रश्न.

हे आत घडतं कसं ते पण सांगतो कारण लोकांना वाटतं रक्त प्यायलं की झालं. डासाच्या पोटात रक्त झटपट पचतं. गोचिडीचं तसं नसतं, आतड्याच्या पोकळीत रक्त जवळजवळ तसंच राहतं आणि आतड्याच्या पेशी ते थोडं थोडं आत ओढून पचवतात, दिवसच्या दिवस. त्यामुळं रक्तातून आलेल्या जंतूला पचून न जाता पेशीत शिरायला सवड मिळते. तिथं वाढला की आतडं ओलांडून अंगातल्या पातळ द्रवात येतो आणि तिथून सगळीकडं, लाळेच्या ग्रंथीत पण आणि अंडाशयात पण. मादी पोटभर प्यायल्यावरच तिचं अंडाशय झपाट्यानं वाढतं, नेमक्या त्याच वेळी जंतू तिथं पोचला तर कवच धरायच्या आत अंड्यात शिरतो. सगळ्या अंड्यांत जात नाही. पण समजा शंभरात एका अंड्यात गेला तरी तुमच्या बाटलीत वीस-तीस पिल्लं जन्मतःच रोग घेऊन निघतील, आणि ही पिल्लं एकेकटी हिंडत नाहीत, एकाच कुशीतून फुटतात आणि एकाच काडीच्या टोकाला गुच्छ करून बसतात, गाय घासून गेली की गुच्छच्या गुच्छ चढतो.

हे माहीत व्हायला फार वर्षं झाली. अमेरिकेत दक्षिणेकडची जनावरं उत्तरेला नेली की उत्तरेकडची पटापट मरायची, दक्षिणेची मात्र ठणठणीत. १८९३ ला स्मिथ आणि किलबोर्न यांनी दाखवलं की कारण गोचीड आहे, आणि नुसती गोचीड नाही, तर आजारी जनावरावरच्या गोचिडीची पुढची पिढी. अंडी बशीत उबवून निघालेली पिल्लं निरोगी गायीवर सोडली तर गाय आजारी. कीटक-गोचिडीतून जनावराचा रोग पसरतो हे पहिल्यांदा पक्कं झालं ते तिथं, मलेरियाच्या डासाच्या आधी. पण तो जंतू व्हायरस नव्हता, बबेशिया होता, एकपेशी परजीवी. आपल्याकडं ज्याला लालमूत्र म्हणतात तोच. म्हणून रंग विचारला.

थायलेरिया, म्हणजे गुरांचा असाच दुसरा एकपेशी परजीवी, उलटा. तो हायलोमा गोचिडीतून येतो आणि अंड्यात अजिबात उतरत नाही. पिल्लू किंवा मधली अवस्था एका जनावरावर घेते, खाली पडते, कात टाकते आणि मोठी होऊन दुसऱ्या जनावराला देते. कात टाकताना टिकतो, अंड्यात मात्र शिरत नाही. एकाच गोठ्यात दोन गोचिड्या, दोन रोग, दोन वेगळे रस्ते.

लम्पीबद्दल दुकानदार पूर्ण खोटं बोलला नाही, अर्धवट बोलला. २०१३ मध्ये आफ्रिकेतल्या निळ्या गोचिडीवर, म्हणजे आपल्या बूफिलसच्याच चुलत बहिणीवर, प्रयोग छापून आला. लम्पी झालेल्या जनावरावर माद्या पोसल्या, त्यांच्या अंड्यातून निघालेली पिल्लं निरोगी जनावरावर सोडली आणि विषाणू पुढं गेला. म्हणजे जाऊ शकतो. पण आपण २०२२ ला जे बघितलं, गावच्या गावं आठवड्यात, ते गोचिडीच्या चालीनं होतच नाही. गोचीड चालत जाते हो, उडत नाही. ती चावऱ्या माशा आणि डासांची करामत, तोंडाला लागलेला विषाणू घेऊन या गायीवरून त्या गायीवर. आणि आजारी जनावरांच्या ट्रक वाहतुकीची.

आबा_फलटण:
डॉक्टर कोंबडीबद्दल काही बोलले नाहीत म्हणजे मान्य आहे असं समजतो 😄

पशुवैद्य_कोल्हापूर:
मान्य आहे आबा, पण कोंबडी खाली पडलेलीच टिपते. कानातली आणि फटीतल्या अंड्यांचं काय. शिवाय कोंबड्यांची स्वतःची वेगळी गोचीड असते, दगडी फटीतच राहते, तो एक नवीन ताप.

दूधवाला_संगमनेर:
डॉक्टर, आत्ता जाऊन आलो. लघवी काळ्या चहासारखी, फेस पण. आमच्या डॉक्टरांना फोन केलाय, तासाभरात येतायत. हात थरथरतायत टाईप करताना. बाटलीत पाणी ओतलं.

मेंढपाळ_माण:
काळजी करू नका दादा, वेळेत इंजेक्शन गेलं की उठतात, आमच्या पाहुण्याची उठली. डॉक्टर मला एक सांगा, शेळ्या-मेंढ्यांना पण अंड्यातून येणारा व्हायरस असतो का? आम्ही पावसाळ्यात कोकणाच्या अंगाला उतरत नाही पण दिवाळीनंतर रानोरानी असतो, गोचीड तर कायमचीच.

व्हायरसवाली_पुणे:
याचं उत्तर मी देते, मी व्हायरॉलॉजीची विद्यार्थिनी आहे, गोठा नाही पण गोचिड्या भरपूर हाताळल्यात (चिमट्यानं).

दादा असतो, आणि त्याचं नाव ऐकून गंमत वाटेल, गंजम. ओडिशातल्या गंजम जिल्ह्यात १९५४-५५ च्या सुमाराला शेळ्यांवरच्या गोचिड्या गोळा केल्या होत्या, हिमाफायसालिस जातीच्या, त्यातून हा विषाणू निघाला आणि काम झालं आपल्या पुण्यात, तेव्हाच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये, ज्याला आता एनआयव्ही (राष्ट्रीय विषाणू संस्था) म्हणतात. नंतर कळलं की हा आफ्रिकेतल्या नैरोबी मेंढी रोगाच्या विषाणूचाच आशियातला अवतार आहे. तो रोग केनियात १९१० पासून माहीत आहे आणि फार वाईट, नवख्या मेंढ्यांच्या कळपात शिरला तर निम्म्याहून जास्त पण जाऊ शकतात. पण ज्या भागात त्या गोचिडीचा कायमचा वावर आहे तिथल्या मेंढ्यांना काही होत नाही कारण लहानपणीच थोडा थोडा अनुभव घेऊन तयार झालेल्या असतात. बाजारासाठी मेंढ्या हलवल्या की मरतात, नैरोबी नाव त्यामुळंच पडलं. वर डॉक्टरांनी अमेरिकेचं सांगितलं तसंच, आणि या कालवडीचं पण तेच झालंय बघा, बिनगोचिडीच्या गोठ्यातून एकदम गोचिडीच्या गोठ्यात.

नैरोबीवाला विषाणू आफ्रिकेतल्या तपकिरी कानगोचिडीत अंड्यातून पण जातो आणि कात टाकताना पण टिकतो, आणि उपाशी बसलेल्या मोठ्या गोचिडीत दोन वर्षांहून जास्त जिवंत राहिल्याची नोंद आहे. म्हणजे कळप निघून गेला, कुरण रिकामं दिसतंय, आणि रोग गवतात वाट बघत बसलाय. मला स्वतःला अंड्यापेक्षा हीच गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. विषाणूला गोचीड म्हणजे नुसतं वाहन नाही, ते त्याचं राहतं घर आहे, आपली मेंढी ही मधली पाहुणी.

दुसरं ढळढळीत उदाहरण डुकरांचं. आफ्रिकन स्वाइन फीव्हर. तिकडं वॉर्टहॉग नावाचं रानडुक्कर बिळात राहतं आणि त्या बिळात मऊ गोचिड्या, ऑर्निथोडोरस. त्यांच्यात हा विषाणू अंड्यातून जातो, शिवाय जुगताना नराकडून मादीत पण जातो. वॉर्टहॉग ठणठणीत, पाळीव डुकरं मात्र मरतात. पोर्तुगालात दुसऱ्या जातीच्या मऊ गोचिड्या जुन्या दगडी डुक्करवाड्यांच्या फटीत राहायच्या, तर डुकरं काढून टाकल्यावर पाच वर्षांनी पण त्यांच्यात जिवंत विषाणू सापडला. पण ते अंड्यामुळं नव्हे, ती गोचीडच वर्षानुवर्षं जगते म्हणून. (दगडी भिंत वाचून संगमनेरवाले दादा घाबरतील, तर तुमच्याकडं ती गोचीड नाही आणि डुकरं पण नाहीत.) आपल्याकडं २०२० ला आसामात हा रोग आला तो मात्र गोचिडीनं नाही, डुकरापासून डुकराला आणि मांसातून.

आणि अजून एक, अंड्यातून फार थोड्या पिल्लांत विषाणू गेला तरी भागतं त्याचं एक कारण वर राहिलं. गोचिड्या कानात एकमेकींना खेटून बसतात ना, त्यात एक रोगी असली तर तिच्या लाळेतून त्याच जागेच्या कातडीत उतरलेला विषाणू शेजारची निरोगी गोचीड ओढून घेते, जनावराच्या रक्तात विषाणू नीट सापडत पण नाही तेव्हासुद्धा. काही विषाणूंत हे १९८७ पासून माहीत आहे. एकाच ताटात जेवल्यासारखं.

मेंढपाळ_माण:
ताई चांगलं समजावलंत. आम्ही गोचीड बोटानं उपटून दगडावर चिरडतो, मग माणसाला काही होतं का?

व्हायरसवाली_पुणे:
ती सवय आजपासून बंद करा दादा, खरंच. काँगो ताप म्हणून विषाणू आहे, हायलोमा गोचिडीत राहतो, तिच्या अंड्यातून पण पुढं जातो. गाय, मेंढी, शेळी यांच्या रक्तात आठवडाभर असतो पण जनावर आजारी दिसतच नाही, त्यामुळं कुणाला पत्ता लागत नाही. माणसाला झाला तर जीवावर बेततं. भारतात पहिल्यांदा २०११ च्या जानेवारीत गुजरातेत अहमदाबादजवळ सापडला, उपचार करणारे डॉक्टर-नर्स पण त्यात गेले. २०२० ला आपल्या पालघर जिल्ह्यात सावधगिरीचा इशारा पण निघाला होता. चिरडलेल्या गोचिडीचं रक्त बोटाच्या चिरेत गेलं की काम झालं. चिमटा घ्या, कातडीलगत धरून सरळ ओढा, साबणाच्या नाहीतर रॉकेलच्या डब्यात टाका. हातमोजे असतील तर उत्तम.

काजूवाला_दोडामार्ग:
आमच्याकडे माकडताप येतो तो पण गोचिडीचाच. २०१६ ला आमच्या तालुक्यात लय माणसं गेली. काजूच्या सीझनला, जानेवारी ते मे, बागेत पाला गोळा करायला गेलं की बारीक बारीक चिकटतात, दिसत पण नाहीत. तेव्हा सगळे माकडांना शिव्या देत होते, पण गुरं रानात चरून येतात आणि मोठ्या गोचिड्या तर गुरांवरच पोसतात ना? मग अंड्यातून माकडतापाचा व्हायरस जातो का?

व्हायरसवाली_पुणे:
गुरांना स्वतःला माकडताप होत नाही पण मोठ्या गोचिडीचं पोट तीच भरतात, म्हणजे गोचिड्यांची संख्या गुरांमुळं वाढते हे बरोबर. मात्र माकडतापात मुख्य रस्ता अंड्याचा धरत नाहीत. पिल्लू उंदीर-चिचुंद्री किंवा माकडाकडून विषाणू घेतं, कात टाकतं आणि मधल्या अवस्थेत तुम्हाला चावतं. हा विषाणू पहिल्यांदा १९५७ मध्ये शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, तेव्हा पण आधी माकडंच मरताना दिसली होती. बिचारी माकडं, तीही आपल्यासारखीच मरतात आणि शिव्या वर.

दूधवाला_संगमनेर:
अपडेट देतो. डॉक्टर आले, कानाच्या टोकाचं रक्त काचपट्टीवर घेतलं, संध्याकाळी रिपोर्ट बबेशिया. काचेखाली मला पण दाखवलं, तांबड्या पेशीत जोडीजोडीनं पेअर फळाच्या आकाराचे दोन ठिपके, टोकं जुळलेली. डायमिनाझीनचं इंजेक्शन दिलं, सलाईन, लोहाचं पण काहीतरी. आज सकाळी ताप १०२, लघवी अजून लालसर पण पहिल्यापेक्षा बरी, थोडा हिरवा मका चघळला. आजी तर म्हणते माझी गावरान बघ, तिला काही झालं का.

आता डॉक्टर राहिलेला प्रश्न, गोठ्याचं काय करू? जाळू का? आणि ती बाराशेची बाटली वापरू का नको?

पशुवैद्य_कोल्हापूर:
छान झालं. आजींना सांगा त्यांचं बरोबर आहे, गावरान गायीवर गोचीडच कमी टिकते आणि वासरू असताना सौम्य होऊन गेलेलं असतं. नऊ-दहा महिन्यांपर्यंतच्या वासरांना बबेशिया सहसा झेपतो, मोठं जनावर पहिल्यांदा सापडलं की असं होतं. तुमच्या जुन्या एचएफ पण त्यातून गेलेल्या असणार म्हणून शांत आहेत.

लम्पीचा २०२२ चा विषाणू गोठ्यात मुरलाय हे डोक्यातून काढा. उपाशी पिल्लं थंड ओलसर जागी काही महिने काढतात, आपल्या उन्हाळ्यात तेवढंही नाही. लम्पीच्या सुकलेल्या खपल्यांत अंधाऱ्या जागी विषाणू महिने टिकतो पण इतकी वर्षं नाही. लस चालू ठेवा, माशांचा बंदोबस्त करा.

बाटलीवर घटक काय लिहिलाय ते कळवा. डेल्टामेथ्रीन, फ्लुमेथ्रीन किंवा अमिट्राझ असेल तर वाया गेली नाही, पण मात्रा लेबलप्रमाणंच, अंदाजपंचे जास्त नको आणि पातळ तर अजिबात नको, पातळ मारूनच गोचिड्या औषधाला सरावल्यात. सगळ्या जनावरांवर एकाच दिवशी मारा, एकटीवर नाही, आणि कान, कास, शेपटीखाली नीट पोचू द्या. औषधानं अंडी मरत नाहीत हे लक्षात ठेवा, म्हणून पुन्हा पंधरा दिवसांनी, तीन आठवडे पूर्ण व्हायच्या आत, म्हणजे मधे चढलेली पिल्लं मोठी होऊन खाली पडायच्या आधीच सापडतात. असं दोन-तीनदा. दुभत्या गायींना आयव्हरमेक्टिन टोचू नका, दुधात उतरतं.

गोठा जाळू नका, फटी जाळा. फ्लेमगन भाड्यानं मिळते, चारा-कडबा आणि जनावरं बाहेर काढून भिंतीच्या फटीतून, गव्हाणीखालून, खुंट्याच्या बुडातून फिरवा. मग त्या फटी सिमेंटनं बुजवा, वरून चुना. दगडी भिंत आजोबांची आहे मान्य आहे, पण जमिनीपासून तीन-चार फूट तरी प्लास्टर करून घ्या.

दूधवाला_संगमनेर:
घटक डेल्टामेथ्रीन आहे. म्हणजे औषध बरोबर, कारण चुकीचं सांगून विकलं 😅 रविवारी भावाला घेऊन फटी जाळतो. आणि आबा, कोंबड्या पण आणल्या, चार. पहिल्याच दिवशी एक कोंबडी कालवडीच्या पाठीवर चढून बसली आणि कालवड नुसती डोळे मिटून उभी.

आबा_फलटण:
फोटो टाक.